डांबराची गोळी

आमच्या साताऱ्याच्या घरी लोकरी वस्त्रांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवण्याचा परिपाठ फार जुना. सूनबाई सांगलीस माहेरी बाळंत झाली, तेव्हा पेटीतील शाल व कुंची आम्ही मोठ्या हौसेने, जशीच्या तशी, नातवासाठी नेली. चार दिवसांत मूल पिवळे पडले. डॉक्टरांनी कुंची हुंगली आणि विचारले, "ही कोणत्या पेटीतून काढली?" बाळाच्या तांबड्या रक्तकणांना जपणारे एक द्रव्य त्याच्या ठायी जन्मतःच उणे होते, अशा अर्भकाच्या अंगी या गोळीची वाफ भिनली म्हणजे रक्तकण फुटून कावीळ होते. ईश्वरकृपेने मूल बरे झाले; आमची मान मात्र खाली गेली.

पिढ्यान्‌पिढ्या घरात बाळगलेली ही वस्तू आहे तरी काय, याचा शोध आम्ही तेव्हा प्रथम घेतला. दगडी कोळसा हवा लागू न देता बंद भट्टीत तापविला म्हणजे कोक मागे उरतो, ज्वालाग्राही वायु निघतो आणि काळेकुट्ट डांबर गोळा होते. ते निरनिराळ्या उष्णमानास उकळून वाफ थंड केली की बेंझीन, फिनॉल, नॅप्थलीन अशी द्रव्ये वेगळी होतात. आमची गोळी ती हीच नॅप्थलीनची. या साऱ्या वर्गास रसायनशास्त्रज्ञ 'सुवासिक' म्हणतात, ही मौजच! १८५६ साली पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने डांबरातील द्रव्यांपासून जांभळा रंग काढला. १८९७ साली जर्मन कारखानदारांनी नॅप्थलीनपासून केलेली नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडील निळीच्या लागवडीस उतरती कळा लागली.

या द्रव्यांचा गाभा म्हणजे कर्बाच्या सहा अणूंचे एक कडे. सांगलीच्या ज्या हळदीचा व्यापार सर्वत्र प्रसिद्ध आहे, तिच्या पिवळ्या रंगातही तेच कडे आहे, हे वाचून आम्ही थक्क झालो. म्हणजे दोष कड्याचा नव्हे. कोणती वस्तू कोठे ठेवावी हे न जाणणाऱ्या आमचा.

विहीणबाईंकडे कपडे उन्हात वाळवून त्यांत वेखंडाची पुरचुंडी ठेवतात. आम्हीही आता तेच करतो. वाचक भगिनींस एवढीच विनंती, की तान्ह्याच्या वस्त्रांत ही गोळी कधीही ठेवू नये.