जोखीम आणि पत

कळंबला आमच्या तात्यांचे, म्हणजे धाकट्या चुलत्यांचे, खते-बियाण्यांचे दुकान आहे. आडसाली उसाचे बिल हाती पडायला वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर सारा व्यवहार उधारीवर. पूर्वी ही उधारी लाल खतावणीत असे, पुढे ती संगणकात गेली. एके सकाळी पडद्यावर इंग्रजी मजकूर उमटला: सर्व नोंदी कुलूपबंद केल्या आहेत, खंडणी भरा. नक्कल ठेवलेली डिस्क त्याच यंत्राला जोडलेली होती, तीही गेली.

तात्यांनी खंडणी भरली नाही. त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला सहज विचारल्यासारखे विचारले, "तुमच्याकडं किती निघतंय?" बहुतेकांनी खरा आकडा सांगितला. काहींनी कमी सांगितला असावा. तो मान्य करण्यावाचून इलाज नव्हता. मात्र झाला प्रकार त्यांनी कोणालाही कळू दिला नाही.

पुढे मी त्यांच्यासाठी सायबर विम्याचा अर्ज आणला, तेव्हा ते म्हणाले, "पिकाचा विमा मी काढतो. गारपीट साऱ्या शिवाराला दिसते. ही गारपीट माझ्या एकट्यावर झाली."

छोटे दुकानदार हा विमा का घेत नाहीत, याची कारणे देताना आपण हप्ता आणि अज्ञान यांवर थांबतो. तात्यांच्या त्या वाक्याने मला तिसरे कारण दिसले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये असेच चोरांनी पळवले. त्याची देशभर बातमी झाली. दुकानदाराच्या नुकसानीची मात्र कुजबुज होते, आणि कुजबुजीने पत जाते. मराठीत 'पत' म्हणजे उधार मिळण्याची लायकी आणि अब्रूही. दोन्ही एकाच शब्दात नांदतात.

आपल्या व्यापाराला जोखीम वाटून घेणे नवे नव्हते. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोहोचला तरच पैसे द्यावे लागत. वाटेत बुडाला तर ते हुंडी घेणाऱ्याचे नुकसान. पण बुडालेले गलबत लपवता येत नसे. किती बुडतात हे ठाऊक असल्यानेच जोखमीची किंमत ठरवता येई. लपवलेली संकटे मोजता येत नाहीत, आणि जे मोजता येत नाही त्याचा हप्ता अंदाजानेच ठरतो. 'विमा' या शब्दाचे नाते फारसीतल्या 'बीम'शी, म्हणजे भयाशी, सांगतात. भय उघड बोलून दाखवल्याशिवाय विमा उभा राहत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

अर्जात प्रश्न होते: नक्कल वेगळ्या जागी ठेवता काय? परवलीचा शब्द किती जणांना ठाऊक आहे? त्यांची उत्तरे तात्यांनी भराभर सांगितली. 'यापूर्वी असा प्रकार घडला आहे काय?' या प्रश्नाशी ते थांबले. बराच वेळ गल्ल्यावरच्या जुन्या खतावणीकडे पाहत राहिले.

"तुझं अक्षर चांगलं आहे," शेवटी म्हणाले, "तूच लिही."

मी 'होय' लिहिले. सही त्यांनी केली. पण त्याआधी उठून दुकानाचे दार लोटून घेतले.