शेजारून धावणारी बोट

ऑलिम्पिकच्या शीडनौका स्पर्धेत प्रत्येक प्रकारात प्रत्येक देशाला एकच बोट उतरवता येते, आणि जागतिक स्पर्धेत चांगला क्रमांक मिळवून ती जागा कमावणारी जोडी कोणतीही असली तरी जागा मात्र त्या जोडीच्या नव्हे, देशाच्या नावावर जमा होते. त्यामुळे एखाद्या देशात जगातल्या सर्वोत्तम पाचांत बसतील अशा दोन जोड्या असल्या, तर त्यांतली एक घरीच राहणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते. कॅटामरान, म्हणजे दोन समांतर अंगांना मधून आडव्या तुळयांनी जोडून तयार होणारी नौका, चालवणाऱ्यांच्या बाबतीत या नियमातून एक विलक्षण पेच निर्माण होतो. ज्या बोटीला हरवल्याशिवाय ऑलिम्पिक गाठता येत नाही, त्याच बोटीच्या शेजारून महिनोन्महिने धावल्याशिवाय वेग शिकता येत नाही. निवडीविषयी जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुधा गुण, नियम आणि वाद यांच्याभोवती फिरते. पण या कसबाचा खरा गाभा या पेचात आहे.

कॅटामरान हा शब्द तमिळमधल्या ‘कट्टुमरम’वरून, म्हणजे बांधलेल्या लाकडांवरून, युरोपीय भाषांत गेला. मूळ कट्टुमरम हा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा होता आणि दोन अंगांची नौका ही पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांची देणगी होती. नाव एकीकडचे आणि रूप दुसरीकडचे, असा हा योग आहे. पाश्चात्त्य शर्यतींत ही नौका आली तेव्हा तिचे स्वागत झाले नाही. 1876 साली नॅथनेल हेरेशॉफ यांच्या ‘अमरिलिस’ या कॅटामरानने न्यूयॉर्कच्या शर्यतीत एकांगी नौकांना सहज मागे टाकले, आणि परिणामी अशा नौकांना त्या शर्यतींत मज्जाव झाला. ऑलिम्पिकमध्ये तिला प्रवेश मिळायला पुढची शंभर वर्षे जावी लागली. इंग्लंडच्या रॉडनी मार्च यांनी 1967 साली रेखाटलेली ‘टॉर्नेडो’ ही सुमारे 6.1 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद नौका 1976 च्या खेळांत दाखल झाली व 2008 पर्यंत टिकली. त्यानंतर 2012 च्या लंडन खेळांतून कॅटामरान वगळली गेली, आणि 2016 च्या रिओ खेळांत ती ‘नॅक्रा 17’ या नव्या रूपात परतली. या वेळी बोटीत एक पुरुष आणि एक स्त्री असलीच पाहिजे अशी अट होती. सुकाणू कोणी धरावे हे मात्र त्या दोघांवर सोडले होते.

नॅक्रा 17 ची लांबी 5.25 मीटर आहे, पण तिचे वैशिष्ट्य लांबीत नसून पाण्याखालच्या पंखांत आहे. या पंखांना फॉइल म्हणतात. दोन्ही अंगांतून खाली उतरणारे वक्र फॉइल आणि मागच्या सुकाणूंच्या टोकाला बसवलेले आडवे पाते यांवर वाहत्या पाण्याचा दाब पडला की विमानाच्या पंखाप्रमाणे उचल मिळते, आणि पुरेसा वेग आला की सगळी नौका पाण्याबाहेर उठून केवळ त्या पात्यांवर धावू लागते. उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वारा थोडा वाढला तरी नौका एकदम अधिक उंच उठू पाहते. ती फार उठली तर पाते पाण्याबाहेर येते, उचल क्षणात नाहीशी होते आणि नाक पाण्यात खुपसून नौका कोलांटते. टोकियोच्या खेळांपूर्वीच्या वर्षांत नॅक्रा अशी पूर्णपणे पाण्यावरून उडणारी झाली, आणि तेव्हापासून जुन्या खलाशांनाही आपले बरेचसे ज्ञान नव्याने पारखून घ्यावे लागले.

बोटीवरची कामाची वाटणी पाहिली म्हणजे या कसबात एकट्याचे कौशल्य किती तोकडे पडते हे ध्यानात येते. सुकाणू धरणाऱ्याला हेल्म आणि त्याच्या साथीदाराला क्रू म्हणतात. वाऱ्याच्या दिशेने चढताना मोठ्या शिडाचा दोर बहुतेक वेळा क्रूच्या हातात असतो, तर वाऱ्याबरोबर उतरताना पुढचे फुगीर शीड, ज्याला जेनेकर म्हणतात, तेही क्रूच सांभाळते. आणि हे सारे डोलकाठीवरून आलेल्या तारेला कमरेने लटकून, पाय नौकेच्या कडेला टेकवून, अंग पाण्यावर आडवे टाकून करायचे असते. वाऱ्याचा झोत आला की क्रूने दोर किती सोडायचा आणि हेल्मने सुकाणू किती वळवायचे यांचा निर्णय एकाच श्वासात व्हावा लागतो, कारण दोर आधी सुटला आणि सुकाणू मागाहून वळले तर नौका खाली बसते, आणि क्रम उलटा झाला तर ती उलथते. तिथे बोलायला वेळ नसतो. चांगल्या जोडीत शब्द केवळ पुढे काय येणार हे सांगण्यासाठी वापरले जातात, आता काय करायचे हे सांगण्यासाठी नव्हे. म्हणूनच निवड ही दोन खेळाडूंची नसते, त्यांच्यामध्ये वर्षानुवर्षांत तयार झालेल्या एका सवयीची असते, आणि निवड समितीने एका जोडीतला हेल्म व दुसऱ्या जोडीतली क्रू उचलून नवी जोडी जुळवावी ही कल्पना कागदावर कितीही सोयीची दिसली तरी पाण्यावर टिकणे कठीण असते.

आता वेग मोजण्याचा प्रश्न. धावपटूला घड्याळ पुरते. शीडनौकेला पुरत नाही, कारण वारा आणि लाट क्षणोक्षणी बदलत असतात आणि आजचा वेग कालच्यापेक्षा जास्त भरला तर ते बोटीचे श्रेय की वाऱ्याचे हे कोणतेही उपकरण खात्रीने सांगू शकत नाही. त्यावर एकच उपाय आहे, आणि तो जुना आहे. दोन बोटी थोडेसे अंतर राखून, एकाच दिशेने, एकाच वाऱ्यात समांतर सोडायच्या. एकीत काहीही बदलायचे नाही आणि दुसरीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डोलकाठी किंचित मागे झुकवली, शिडाची पुढची कड खाली ओढून ताणली, फॉइलचा कोन अंशाच्या अंशाने बदलला, आणि मग शेजारची बोट पुढे सरकते की मागे पडते हे पाहायचे. अशा शेकडो फेऱ्यांनंतर जी टिपणवही तयार होते ती त्या जोडीची खरी मालमत्ता असते. पण शेजारची बोट जर मंद असेल किंवा तिचे खलाशी बेभरवशाचे असतील, तर सारी मोजणी फोल ठरते. मापाला माप तोडीस तोड लागते. देशातली दुसरी चांगली जोडी म्हणजे हे माप होय. आणि प्रत्येक फेरीत जे आपल्याला कळते ते तिलाही त्याच क्षणी कळत असते.

या दृष्टीने इटलीचा अनुभव बारकाईने पाहण्याजोगा आहे. रुज्जेरो तीता आणि कातेरीना बांती या जोडीने 2018 साली डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे जागतिक विजेतेपद मिळवले; टोकियोसाठीची देशांची पात्रता ठरवणारी पहिली स्पर्धा हीच होती. पुढच्याच वर्षी, न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे, तेच विजेतेपद इटलीच्याच वित्तोरिओ बिस्सारो आणि माएले फ्रास्कारी यांनी पटकावले. बिस्सारो काही नवखा नव्हता. सिल्विया सिकोरीबरोबर तो रिओच्या खेळांत इटलीसाठी उतरला होता. लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच देशाच्या दोन वेगळ्या जोड्या जगज्जेत्या ठराव्यात आणि ऑलिम्पिकची जागा एकच असावी, ही स्थिती कोणत्याही महासंघाला अवघड वाटावी अशी होती. अखेरीस टोकियोला तीता आणि बांती गेले, आणि 3 ऑगस्ट 2021 रोजी एनोशिमाच्या पाण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. 2000 साली अलेस्सांद्रा सेन्सिनीने मिळवलेल्या सुवर्णानंतर शीडनौकांच्या खेळातले इटलीचे ते पहिलेच सुवर्ण होते. रौप्य मिळाले ब्रिटनच्या जॉन गिमसन आणि अ‍ॅना बर्नेट यांना. तेही 2020 साली ऑस्ट्रेलियातील जिलाँग येथे जगज्जेते झाले होते, आणि त्यांच्याही मागे मायदेशात बेन सॅक्स्टन होता, ज्याने 2017 साली केटी डॅबसनबरोबर याच प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले होते. सुवर्ण आणि रौप्य मिळवणाऱ्या दोन्ही देशांत घरी राहिलेला एक जगज्जेता असावा हा निव्वळ योगायोग मानणे या कसबाशी परिचित माणसाला जड जाते. पदक जिंकणाऱ्या बोटीचा वेग घरी राहिलेल्या बोटीने घासून धारदार केलेला असतो, आणि पदकतक्त्यावर त्या दुसऱ्या बोटीसाठी रकाना नसतो.

मग निवड कशी करावी? या बाबतीत देशांच्या परंपरा वेगळ्या आहेत. अमेरिकेत दीर्घकाळ एकाच निर्णायक स्पर्धेची रीत होती: ठरलेल्या आठवड्यात, ठरलेल्या पाण्यात जो जिंकेल तो ऑलिम्पिकला जाईल, मग त्याची मागली कामगिरी काहीही असो. जॉन लव्हेल आणि चार्ली ओगलट्री ही टॉर्नेडोवरची जोडी 1996 ते 2008 अशी चार ऑलिम्पिक खेळली आणि 2004 साली अथेन्सला तिने रौप्य मिळवले, तेव्हा त्या रीतीतूनही उत्तम माणसे वर येतात हे नाकारता येणार नाही. तिचा मोठा गुण म्हणजे स्वच्छता. तिथे कोणाच्या मर्जीला वाव नसतो. ब्रिटनमध्ये याउलट निवडकर्त्यांची समिती अनेक हंगामांची कामगिरी पाहून नावे ठरवते, आणि तिथे खेळाडूच्या दीर्घ सातत्याला न्याय मिळण्याची शक्यता अधिक असली तरी निर्णयाची कारणे त्याला प्रत्येक वेळी पटतीलच असे नाही.

एकाच स्पर्धेवर सारे ठरवण्याचा दोष केवळ एखादा दोर तुटण्याच्या किंवा वारा पडण्याच्या दुर्दैवापुरता नाही. शीडनौकांच्या शर्यतीत पहिल्या क्रमांकाला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे गुण मिळतात आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता ठरतो. देशांतर्गत चाचणीत बोटी मोजक्याच असल्या आणि लढत दोघांतच उरली, की वेगाने धावण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याचा वारा अडवून त्याला मागे रेटणे अधिक फायद्याचे ठरू लागते. ही कला खरी आहे, पण ती द्वंद्वाची कला आहे. टोकियोत 20 बोटींच्या ताफ्यात 12 शर्यती आणि शेवटी दुप्पट गुणांची पदकशर्यत होती, तिथे निराळेच शहाणपण लागते. त्याहून गंभीर नुकसान चाचणीच्या आधी होते. निर्णय एका आठवड्यावर टांगलेला असला की टिपणवह्या मिटतात, दोन बोटी वेगवेगळ्या किनाऱ्यांवर सराव करू लागतात, आणि ज्या महिन्यांत देशाचा वेग सर्वांत झपाट्याने वाढायला हवा नेमक्या त्याच महिन्यांत तो खुंटतो. म्हणून हलका, मध्यम आणि जोरकस अशा वेगवेगळ्या वाऱ्यांत होणाऱ्या तीन-चार आंतरराष्ट्रीय स्पर्धांची नावे वर्षभर आधी जाहीर करावीत, त्यांतल्या क्रमांकांवर निवड ठरवावी आणि तोवरचा सराव एकत्र, एकाच प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर चालवावा, हा मार्ग सर्वांत न्याय्य दिसतो. वर्षभराच्या लढाईत आपली एक युक्ती शेजाऱ्याला कळली तरी सारे काही हातचे जात नाही, एवढा दिलासा खेळाडूला मिळतो, आणि उघड्या मनाने सराव करायला तेवढा पुरतो.

यात एक नाजूक प्रश्न उरतो, तो निवड झाल्यानंतरचा. घरी राहिलेल्या जोडीने पुढचे काही महिने निवडलेल्या जोडीच्या शेजारून धावत राहावे अशी देशाची अपेक्षा असते, आणि त्या जोडीच्या मनाची अवस्था त्या वेळी काय असते याचा विचार फारसा कोणी करत नाही. चार वर्षे तारेला लटकून तळहात सोललेल्या माणसाला दुसऱ्याच्या विजयासाठी माप म्हणून उभे राहायला सांगणे ही लहान मागणी नव्हे. ज्या देशांत हे घडते तिथे त्या जोडीचा मानधनासह, प्रशिक्षकासह आणि पुढच्या चक्रातल्या संधीसह संघात समावेश असला पाहिजे. कारण पुढच्या चक्रातही ती एकमेव जागा निवडलेल्या जोडीकडेच जाऊ शकते: तीता आणि बांती यांनी 8 ऑगस्ट 2024 रोजी मार्सेयच्या पाण्यात आपले ऑलिम्पिक सुवर्ण राखले. कॅटामरानवर लागोपाठ दोन सुवर्णे एकत्र मिळवणारी त्यांच्याआधीची जोडी म्हणजे 2000 आणि 2004 चे ऑस्ट्रियाचे रोमान हागारा आणि हान्स-पेटर स्टाइनाखर.

ज्या भूमीने या नौकेला नाव दिले त्या भारताची कॅटामरान ऑलिम्पिकमध्ये अद्याप एकदाही उतरलेली नाही. 2023 साली झालेल्या हांगझोऊ आशियाई खेळांत नॅक्रा 17 हा प्रकार होता आणि त्यात भारताची जोडी उतरली होती. मुंबईत कुलाब्याच्या किनाऱ्यावर लष्कराची आणि नौदलाची शीडनौका प्रशिक्षणाची व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस खेळांतही हा प्रकार राहणार आहे. तेव्हा भारताची कॅटामरान तिथवर नेण्याचा निर्णय ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे एवढीच विनंती करावीशी वाटते की एक उत्तम जोडी शोधून तिला एक उत्तम बोट देऊन थांबू नये. पहिल्याच दिवशी दोन बोटी घ्याव्यात, दोन जोड्या घडवाव्यात, आणि दोघींना एकाच पाण्यात शेजारी-शेजारी सोडावे.