जानवसघराची यादी

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न मालवणला करावयाचे ठरले, तेव्हा कार्यालयातील मैत्रिणींनी माझे अभिनंदन केले. समुद्रकाठ, माडांची सावली, वाळूत मांडव. हल्ली ज्याला 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हणतात, तसे काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावे. वस्तुस्थिती निराळी होती. आमचे बिऱ्हाड म्हैसूरला, नवरामुलगाही म्हैसूरचाच, आणि दोन्ही घरांमध्ये पायी वीस मिनिटांचे अंतर. असे असूनही सव्वाशे माणसे समुद्रकाठी न्यावयाची, याचे कारण एकच होते, ते म्हणजे माझी आजी. तिचे वय सत्त्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडल्यापासून ती मालवणच्या घराच्या ओटीपलीकडे गेलेली नाही. "आजीवाचून मी बोहल्यावर उभी राहणार नाही," असे बहिणीने सांगितले आणि तिच्यापुरता प्रश्न मिटला. पाहुण्यांना नेण्याआणण्याचे आणि उतरविण्याचे काम माझ्याकडे आले.

मी भाषांतर आणि संपादन करून चरितार्थ चालविते. याद्या करणे, त्या तपासणे, एकच मजकूर तीन भाषांत उतरविणे ही माझी नित्याची कामे. त्यामुळे हे मला सहज साधेल असे सर्वांना वाटले. खरे सांगावयाचे तर मलाही तसेच वाटले होते.

पहिली अडचण पंचांगाची. आमच्याकडे पौषात लग्न करीत नाहीत. व्याह्यांकडे धनुर्मास वर्ज्य, आणि तो सूर्याच्या गतीवर चालत असल्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत जातो. दोन्हीकडच्या अडचणी वजा केल्यावर मार्गशीर्षाचे थोडे दिवस आणि माघ एवढेच उरले. डिसेंबरात मालवण-तारकर्लीला पर्यटकांची झुंबड असते, म्हणून आम्ही माघ धरला. आपण फार विचारपूर्वक दिवस निवडला, असे समाधान मला जेमतेम महिनाभर लाभले.

म्हैसूरहून मालवणला जाण्यास सरळ वाट नाही. एक मार्ग बेळगावचा: दिवसभराची रेल्वे, मग आंबोली घाट उतरून सावंतवाडीवरून मालवण. दुसरा मंगळूरचा: रात्रीच्या गाडीने सकलेशपूरचा घाट उतरून मंगळूर, आणि तेथून कोकण रेल्वेने कुडाळ. मालवणला रेल्वेचे स्थानक नाही. कुडाळला उतरून पुढे पंचवीस-तीस किलोमीटर मोटारीने जावे लागते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा मार्ग ७४१ किलोमीटरांचा आहे. तो १९९८ साली पूर्णपणे खुला झाला, पण अजूनही बहुतांशी एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देत थांबावे लागते, तेव्हा कुडाळला मोटार सांगताना तास-दीड तास हाताशी ठेवावा, हे मी आता कोणालाही सांगेन.

तिकिटांच्या बाबतीत एक बदल अनेक कुटुंबांच्या ध्यानात आलेला नसतो. पूर्वी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी करता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे लग्न चार महिने आधी ठरवूनही तिकिटासाठी दोन महिने स्वस्थ बसावे लागते. मी तारखांचा तक्ता केला, मार्ग वाटून दिले, आणि व्याह्यांकडील शेहेचाळीस मंडळींसाठी कानडीत एक सूचनापत्रक लिहावयास घेतले.

त्या पत्रकात पहिल्याच ओळीला मी अडले. 'जानवसघर' या शब्दाला कानडीत काय म्हणावे? वरपक्षाला उतरण्यासाठी वधूपक्षाने सिद्ध ठेवलेले घर, असा त्याचा अर्थ. म्हैसूरकडे वऱ्हाडाला 'दिब्बण' म्हणतात, व्याह्यांना 'बीगरू' म्हणतात. पण लग्न 'छत्रा'त होते आणि दोन्ही पक्ष तेथेच उतरतात. हा 'छत्र' शब्द मुळी वाटसरूंच्या धर्मशाळेचा. नंजराज बहादूर छत्र म्हैसूरमध्ये कोणालाही विचारा. प्रवाशाला रात्री निवारा मिळावा म्हणून बांधलेल्या वास्तूचे नाव पुढे लग्नाच्या कार्यालयाला मिळाले. आमच्याकडचे सीमांतपूजन तरी काय? दुरून आलेल्या वराला गावच्या शिवेवर सामोरे जाण्याचाच तो विधी. असो. 'तुमच्या मुक्कामाचे घर' असे साधे कानडी शब्द लिहून मी पुढे गेले.

पत्रक दाखविण्यासाठी विहीणबाईंकडे गेले. त्यांनी ते नीट वाचले, एक शब्द सुधारला, कॉफी दिली. मग म्हणाल्या, "तुमच्या आजींना प्रवास झेपत नाही, म्हणून आपण सगळे तिकडे जात आहोत. ते योग्यच आहे. आमच्या अज्जी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत."

त्या एवढेच बोलल्या. आवाजात तक्रार नव्हती. असती तर काही उत्तर देता आले असते. एका म्हातारीचा प्रवास वाचवावा म्हणून आम्ही दुसरीला रात्रभर आणि वर दिवसभर प्रवास करावयास लावीत होतो, आणि गेले दोन महिने हे आमच्या घरातील एकाच्याही मनात आले नव्हते. माझ्या यादीत त्या होत्या. 'वरपक्ष, अनुक्रमांक ७' अशा.

त्या रात्री मी तक्ता फाडला आणि अज्जींपासून आरंभ केला. आंबोलीची वळणे त्यांना सोसणार नाहीत, तेव्हा मंगळूरचाच मार्ग. रात्री झोपून जावयाचे, मंगळूरला विहीणबाईंच्या भाच्याकडे अंघोळ, जेवण, थोडी विश्रांती, आणि दुपारच्या मत्स्यगंधा एक्सप्रेसने कुडाळ. रेल्वेत ज्येष्ठांसाठी आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी खालचे बाक राखीव असतात, पण ती सवलत एकट्याच्या किंवा दोघांच्याच तिकिटावर मिळते. सहा जणांच्या तिकिटात म्हातारे माणूस घातले की ती जाते, आणि मग कोणा अनोळखी तरुणाची मनधरणी करीत बसावे लागते. म्हणून अज्जींचे आणि विहीणबाईंचे तिकीट स्वतंत्र काढले. बाकीचे शेजारी असोत वा दुसऱ्या डब्यात.

एवढे होते न होते तोच काकांचा दूरध्वनी आला: "जत्रा लागली गो!"

मालवणजवळ मसुरे गावाची आंगणेवाडी आहे. तेथील भराडीदेवीच्या जत्रेला मुंबईपासून लाखो माणसे लोटतात. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात. या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस निश्चित होतो आणि मग तो जाहीर केला जातो. दोन पंचांगे पडताळून आम्ही काढलेल्या मुहूर्ताच्या बरोबर दोन दिवस आधी देवीने आपला दिवस दिला होता. तारीख ठरविण्यापूर्वी काकांना नुसते विचारले असते, तरी त्यांनी माघाला हात जोडले असते.

मुंबईची आमची मंडळी आरक्षण उघडल्याबरोबर बसली होती. त्यांतल्या निम्म्यांना तिकीट मिळाले नाही. पुण्याच्या आत्येला गाडी करून घाटाने यावे लागले. पण खरा फटका उतरण्याच्या जागेला बसला. किनाऱ्यावर 'न्याहारी व निवास' अशा पाट्या असलेली घरे आहेत. घरमालक आपल्याच घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देतो. अशा एका ठिकाणी मी सहा खोल्या सांगून ठेवल्या होत्या. तोंडी. विसार दिला नव्हता, पोच घेतली नव्हती. जत्रेला त्यांचे स्वतःचे आप्त येणार होते. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि त्यांना बोल लावण्यास मला जागा नव्हती. दुसऱ्यांच्या मजकुरातील स्वल्पविराम मी शोधते, आणि सहा खोल्यांची पावती मागावयास विसरते.

दहा दिवस आधी मी मालवणला पोहोचले. आजी ओटीवर खुर्चीत बसली होती. म्हणाली, "यादी वाच बघया."

मी वाचू लागले. तिला पदव्या आणि हुद्दे नको होते. प्रत्येक नावाला तिचे तीनच प्रश्न: रात्री उठावे लागते का, जिना चढवतो का, आणि घोरतो का. ज्यांना मी मोठ्या मानाने माडीवरची हवेशीर खोली दिली होती, त्या नवऱ्यामुलाच्या मावशींविषयी ती म्हणाली, "तिका वर कित्याक चढवतंस? गुडघे दुखतत म्हणतंस मां?" मी तसे कधीच्या काळी फोनवर सांगितले होते, मी विसरले, ती विसरली नव्हती. मध्येच ती स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगू लागली. तेव्हा मुंबईची माणसे किनाऱ्याच्या बोटीने येत. बोट खोल पाण्यात उभी राही आणि वऱ्हाड लहान होड्यांतून उतरे. अर्ध्या मंडळींना बोट लागलेली, म्हणून तिच्या वडिलांनी बंदरावर लिंबे आणि शहाळी तयार ठेवली होती. "जेवणाचा कोण इचारता? सगळ्यांका लिंबांच आठवतत."

संध्याकाळपर्यंत तिने वाडीतील नऊ घरांतून निरोप धाडले. कोठे चार माणसे, कोठे सहा. मांडववाल्याकडून गाद्या आणि उश्या आल्या. वरपक्ष शाकाहारी आहे हे कळताच शेजारच्या घरच्या काकूंनी अंगणातील सुकी मासळी उचलून भावाकडे पाठविली आणि चार दिवस घरात निव्वळ डाळभात शिजविला. हे त्यांनी आम्हांला सांगितले नाही. त्यांच्या मुलाने कुरकुर केली म्हणून कळले.

अज्जींसाठी मी गावातील एका नव्या हॉटेलात खोली घेतली होती. उद्वाहक होता, गरम पाणी होते. आजीने ते नाव ऐकून मान हलविली. "ती माझ्या खोलयेत ऱ्हवतली." तिचे म्हणणे अगदी व्यवहाराचे होते: खुबा मोडल्यानंतर काकांनी तिच्या न्हाणीघरात उंच बैठक आणि भिंतीला धरावयाच्या दांड्या बसविल्या होत्या. तशी सोय साऱ्या वाडीत दुसरीकडे नव्हती. हॉटेलातही नव्हती, मी विचारलेच नव्हते.

एक चूक मात्र आजीच्या नजरेखालून जाण्यासारखी नव्हती, ती घडलीच. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत: दक्षिणेला जुना दाबोळी, आणि उत्तरेला, आम्हां सिंधुदुर्गकरांना जवळचा, जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपा. मोपाचे लघुनाम जीओएक्स, दाबोळीचे जीओआय. मराठी आणि कानडी पत्रकांत मी स्वच्छ 'मोपा' लिहिले होते. दिल्लीच्या मामांसाठी केलेल्या इंग्रजी पत्रकात नाव न लिहिता नुसते लघुनाम दिले, आणि त्यातले शेवटचे अक्षर चुकले. मामा दाबोळीला उतरले, मोटार मोपाला उभी. ते टॅक्सी करून रात्री दहाला पोहोचले, तोवर सीमांतपूजन आटोपले होते. त्यांनी मला काही म्हटले नाही. ते पत्रक मात्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवले आहे आणि प्रत्येक समारंभात ते बाहेर निघते.

अज्जी आदल्या रात्रीच आल्या होत्या. गाडी पाऊण तास उशिरा कुडाळला लागली. काका खुर्ची घेऊन फलाटावर उभे होते. वाड्यावर पोहोचण्यास मध्यरात्र उलटली तरी आजी ओटीवर जागी होती, जवळ तांब्यात लिंबाचे सरबत. अज्जींना मराठी येत नाही, आजीला कानडी येत नाही. भाषांतराला म्हणून मी दोघींच्या मध्ये जाऊन बसले. आजीने विचारले, "जेवलंस?" आणि हाताने तोंडाकडे खूण केली. अज्जींनी मान डोलाविली, मग स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून आजीच्या खुब्याकडे बोट दाखविले. पुढे बराच वेळ त्यांचे असेच चालले होते. माझी गरज नव्हती. मी आत जाऊन निजले.

लग्न यथासांग पार पडले. तिसऱ्या दिवशी परतीच्या गाड्यांचा तक्ता घेऊन मी ओटीवर गेले, तर विहीणबाई हसत म्हणाल्या, "अज्जी आठ दिवस राहते म्हणतात." दोघींचे एकत्र काढलेले तिकीट रद्द करावे लागले. नवे मिळेना; जत्रेची माणसे अजून परतत होती. शेवटी अकराव्या दिवसाचे, खालचे बाक, एकट्याच्या नावाने मिळाले, आणि त्यांना मंगळूरपर्यंत पोहोचविण्यास काका निघाले.