तेल थिजल्याची तारीख

आज सकाळी न्हाणीघरातल्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली तळहातावर उपडी केली, दोनदा दाबली, तेल काही येईना. बुचाखाली पांढरी चकती बसली होती. टूथपिकने टोचली तेव्हा कुठे चार थेंब पडले. नाशिकला थंडी आल्याची वर्दी माझ्या घरी अशी मिळते. स्वेटर काढायचे की नाही याचा निकाल आमची आई याच बाटलीवरून लावायची. तेल पातळ असेल तर कितीही कुडकुडून दाखवा, "काही थंडी नाही, अंघोळीला पळा" एवढंच उत्तर.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. म्हणजे आईची बाटली ही एकाच खुणेचा तापमापक होती. शिवाय ती बाहेरचं नाही, घरातलं तापमान सांगायची. बाहेर रात्री थंडी पडली तरी दगडी भिंतींचं जुनं घर आठवडाभर ऊब धरून ठेवायचं, आणि ती ऊब संपली की तेल थिजायचं. अंगात काय घालायचं हे ठरवायला गच्चीवरच्या पाऱ्यापेक्षा हे माप जास्त कामाचं, असं मला आता वाटतं. हे कळायला मला गच्चीवरचा पारा बरीच वर्षं वाचावा लागला.

गच्चीवरचा पारा म्हणजे यू आकाराच्या नळीचा कमाल-किमान तापमापक. जेम्स सिक्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १७८०च्या सुमारास ही युक्ती काढली, आणि मूळ रचना अजून तीच आहे. पारा दोन बारीक काड्या ढकलत नेतो आणि मागे येताना त्या तिथेच सोडून देतो. त्यामुळे आपण गाढ झोपेत असताना पहाटे पाच वाजता किती गार झालं होतं, ते नंतरही वाचता येतं. किमान बाजूचे आकडे उलटे असतात, खाली जाताना वाढणारे. नवशिका हमखास चुकतो. वाचून झालं की लोहचुंबकाने काड्या पुन्हा पाऱ्यावर आणून ठेवायच्या. आज काडीचं टोक साडेचौदावर होतं. वहीत लिहिलं, ‘१४.५, निरभ्र, वारा नाही, दव भरपूर.’

लिहायची वेळ साडेआठ. हे माझं खूळ नव्हे. हवामान खात्याचं सकाळचं निरीक्षण देशभर साडेआठलाच होतं आणि पावसाचा दिवसही साडेआठलाच उजाडतो. काल रात्री नऊ वाजता कोसळलेला पाऊस आजच्या तारखेला जमा होतो. सुरुवातीला हा हिशेब मला फार विचित्र वाटायचा. घरी वाद व्हायचे, "अहो, काल पडला ना?" आता काल-आजच्या सीमारेषेचं काही वाटत नाही. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, रेल्वेचा मध्यरात्री, पावसाचा साडेआठला.

या खात्याची एक खूण पुण्याला आहे, शिवाजीनगरातला ‘सिमला ऑफिस’ नावाचा बसथांबा. लहानपणी मला वाटायचं, इथे सफरचंदांचं काहीतरी असणार. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते राहिलंच. हवामानाचा अंदाज चुकला की पुणेकर ज्या इमारतीकडे बोट दाखवतात, तिचं नावच मुळी थंड हवेच्या गावाचं.

माझ्या वहीत दोन वर्षांचे आकडे खोटे आहेत. तापमापक मी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, पूर्वेच्या भिंतीवर ठोकला होता. सकाळी कोवळं ऊन थेट नळीवर, आत कुकरच्या शिट्ट्या, आणि रात्री तापलेली भिंत. मी मात्र ‘यंदा थंडीच नाही’ असं मित्रांना आकडेवारीसह पटवून देत होतो. वेधशाळेत तापमापक ठेवतात तो पांढऱ्या लाकडी पेटीत. तिच्या भिंती तिरक्या पट्ट्यांच्या, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन आत येत नाही, दार उत्तरेला, आणि पेटी जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच. ही पेटी योजली थॉमस स्टीव्हन्सनने. हा दीपगृहं बांधणारा इंजिनिअर, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा बाप. मला पेटी परवडली, गच्चीवर जागाही निघाली. पण जुन्या आकड्यांचं काय करणार? शेवटी वहीत लाल शाईने लिहिलं, ‘इथून जागा बदलली.’ ते वाक्य वाचताना अजून थोडी लाज वाटते, तरी वहीतलं सगळ्यात खरं वाक्य तेच असावं.

कारण हवा जागेची असते. नाशिकइतकी ही गोष्ट कुठे दिसणार? घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून पूर्वेला निघा. नाशिक शहरात तो चौथाईच्या आसपास उरतो, सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या घरात. शंभरेक किलोमीटरच्या प्रवासात कोकणातून माणदेशात गेल्यासारखं होतं, आणि जिल्हा एकच. थंडीचं याच्या उलट. डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी येते. आकडा असतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. मग कोणीतरी हटकून विचारतं, महाबळेश्वर एवढं उंचावर, तरी निफाड त्याहून गार कसं? निरभ्र रात्री जमीन दिवसभराची उष्णता आकाशात सोडून देते. तिला टेकलेली हवा आधी गार होते, गार झाली की जड होते, आणि जड हवा पाण्यासारखी उताराने सखलात जाऊन साचते. डोंगरावरची थंडी रात्रीतून खाली उतरते. गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातली उघडी शिवारं ती साठवून घेतात.

हे वाचून माहीत होतं. डोळ्यांनी दिसलं ते आज. कार्तिक लागलेला, पंचवटीत काकड आरतीचे टाळ वाजत होते, मी गोदाघाटावर फेरी मारायला गेलो होतो. चहाच्या एका गाडीवाल्याने शेजारी शेकोटी पेटवली होती. पुठ्ठे, नारळाच्या शेंड्या, एक मोडकं खोकं. धूर आधी सरळ काठीसारखा वर गेला. देवळाच्या कळसाच्या थोडा खाली पोहोचला आणि तिथे जणू छत लागलं. तो थांबला, आडवा झाला आणि नदीवर एका पातळीत पसरत गेला, वाळत घातलेल्या उपरण्यासारखा. खाली गार हवा, वर तिच्यापेक्षा कोमट हवा. धुराला वर जायला वाव नाही. पाच-सात मिनिटं मी चहा हातात धरून नुसता बघत राहिलो. गाडीवाला म्हणाला, "काका, काय पडलं का पाण्यात?" मी म्हटलं, "नाही, धूर बघतोय." त्याने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

समोर नदीपात्रात दुतोंड्या मारुतीचा पुतळा कोरड्या पायांनी उभा होता. पावसाळ्यात हाच नाशिकचा पूरमापक. धरणातून किती क्युसेक सोडले हे सरकार सांगतं, लोक विचारतात, "मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याशी. पूर फारच मोठा असला तर नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं नाव निघतं. क्युसेकमध्ये सेकंदाला किती पाणी सुटतंय ते कळतं. सराफ बाजारातल्या दुकानदाराने माल माळ्यावर चढवायचा की नाही, ते मारुतीच्या कमरेवरून.

दुपारी कमाल २९ गेलं. सकाळ-दुपारमध्ये साडेचौदा अंशांचा फरक! सकाळी मफलर, दुपारी अर्ध्या बाह्या, अशी आमची शरदातली नाशिकी तऱ्हा. मुंबईहून आलेले पाहुणे या फरकाला हमखास फसतात आणि सर्दी घेऊन परत जातात.

चारच्या सुमारास पश्चिमेकडून पातळ ढग आले. मला बरं वाटलं. खारकेच्या रंगाचा उजेड पडला, गच्चीवर खुर्ची टाकून बसलो. तेवढ्यात दिंडोरीहून धाकट्या मावसभावाचा फोन.

"दादा, आभाळ आलंय का तिकडं?"

"आलंय थोडं. छान वाटतंय."

पलीकडे क्षणभर शांतता. त्याची दोन एकर द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी झालेली, कोवळी फूट निघालेली. आभाळ म्हणजे त्याच्यासाठी ढग नव्हे, संकट. ढगाळ हवा आणि पानावर टिकलेलं दव एकत्र आलं की डाऊनी हा रोग येतो. उजेड कमी पडला की घड जिरतात, म्हणजे धरता धरताच वेलीत विरून जातात. मी ज्या दवाला सकाळी ‘भरपूर’ असं कौतुकाने लिहिलं, ते दव त्याने पहाटे पानं हलवून झटकलं होतं. पाऊस येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी माझी वही, वारा, दाब असं काहीबाही सांगू लागलो. तो म्हणाला, "दादा, ते राहू द्या. मी फवारा मारून घेतो." त्याचं बरोबर होतं. माझ्या वहीत काल काय झालं ते असतं. त्याला आज रात्रीचा निर्णय घ्यायचा असतो.

संध्याकाळी ढग निघून गेले, तोवर त्याची टाकी फवारून झाली होती. औषधाचे पैसे गेले. द्राक्षवाल्यांच्या खर्चात असे कितीतरी ‘न आलेले पाऊस’ असतात.

रात्री माळ्यावरून जुनी कॅलेंडरं काढली. आई दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मोलकरणीच्या सुट्ट्या, सगळं कालनिर्णयवर पेन्सिलीने टिपायची, आणि त्यात कधीतरी ‘तेल थिजलं’. बहुतेक वर्षांची रद्दीत गेली. तीन उरली आहेत. एका वर्षी ती नोंद भाऊबीजेच्या चौकोनात आहे, एका वर्षी मार्गशीर्षात, दोन्हींत महिन्याहून जास्त अंतर. तिसऱ्या वर्षी नोंदच नाही. थिजलंच नाही, की ती माहेरी गेली होती, आता सांगायला कोणी नाही. ‘आमच्या वेळी दसऱ्यालाच दात वाजायचे’ हे वाक्य मी स्वतः लग्नकार्यात किमान दहा वेळा टाकलेलं आहे. त्याला या तीन कॅलेंडरांत तरी आधार मिळाला नाही.

तापमापक, पेटी, वही यांच्या भानगडीत तुम्ही पडावं असं माझं म्हणणं नाही. पण घरात भिंतीवर कॅलेंडर असेल आणि फळीवर तेलाची बाटली असेल, तर यंदा एवढं करा: तेल ज्या सकाळी येणार नाही, त्या चौकोनात पेन्सिलीने तेवढं लिहा. आणि ते कॅलेंडर रद्दीत देऊ नका.