श्रीयुत ‘येथे क्लिक करा’

ठेंगणी मूर्ती, निळा रंग, पायाखाली एक रेघ. हा दुव्याचा पोशाख मोझॅक ब्राउझरने १९९३ मध्ये रूढ केला. श्रीयुतांनी तो अजून उतरवलेला नाही. स्वभावाने नम्र. वाक्य संपता संपता हळूच पुढे येतात आणि तर्जनी दाखवतात. एका पानावर एकटे कधी सापडायचे नाहीत. सातबारा पाहण्यासाठी येथे क्लिक करा, फेरफारासाठी येथे क्लिक करा, तक्रारीसाठी येथे क्लिक करा. काम कुठलंही असो, तोंडात तेच तीन शब्द.

वाचक मात्र घाईत असतो. जेकब नील्सन आणि जॉन मॉर्क्स या संशोधकांनी १९९७ मध्ये वाचकांना पडद्यासमोर बसवून पाहिलं, तेव्हा शंभरातले ७९ जण नवं पान नुसतं चाळत होते. शब्दन् शब्द वाचणारे अवघे १६. चाळणारी नजर निळ्या अक्षरांवर ठेचकाळते आणि तिथे हाती काहीच लागत नाही. मग उलट्या पावली वाक्याच्या सुरुवातीला जाणं आलं.

दृष्टिहीन वाचकापुढे तर श्रीयुतांची पुरती शोभा होते. तो एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरमध्ये पानावरच्या दुव्यांची यादी उघडतो आणि कानावर पडतं : येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. हजेरी घेताना वर्गातल्या प्रत्येक पोराने आपलं नाव ‘मी’ सांगावं, तसं.

वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्येच यांना टाळा म्हणून सांगितलं. पुढे २००८ च्या सुगम्यतेच्या नियमांत आलं की दुवा कुठे नेणार हे त्याच्या शब्दांतून, निदान लगतच्या मजकुरातून कळावं. श्रीयुत जागचे हलले नाहीत.

कारण लिहिणाऱ्याला त्यांचा मोठा आधार. ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ असं लिहिलं की सुटला. त्याऐवजी ‘विहीर अनुदानाचा अर्ज (पीडीएफ, ४ पानं)’ असं लिहायचं, तर आधी ती पीडीएफ स्वतः उघडावी लागते, पानं मोजावी लागतात, आत खरंच अर्ज आहे की गेल्या वर्षीचं परिपत्रक, हे बघावं लागतं. श्रीयुतांमुळे हे सगळं वाचकावर ढकलता येतं. त्यांची नोकरी टिकली ती त्यावरच.