निपाणीच्या वाटेवर

चिकोडीहून निपाणीस जाणाऱ्या मोटारीत शेजारचा तरुण डॅन ब्राऊन यांच्या ‘दा विंची कोड’ (२००३) या रहस्यकादंबरीचा मराठी अनुवाद वाचीत होता. २००६ साली गोव्यात तिच्या चित्रपटावर बंदी आली होती. आमच्या गळ्यातील क्रूस पाहून तो म्हणाला, “काका, पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चमधली पितळी रेघ आयसिस देवीच्या देवळाची, हे खरं काय हो?”

रेघ खरी, अर्थ कल्पित. १८ व्या शतकात तेथील धर्मगुरूंनी ती सूर्यकिरणांवरून वसंतसंपात व त्यावरून ईस्टर ठरविण्यासाठी आखविली. कादंबरी गाजल्यावर चर्चमध्ये तसा खुलासा करणारी पाटीच लागली! बंदीहून आम्हांस ही पाटी अधिक भावते.

“मग प्रभू येशूंविषयीचंही तसंच काय?” त्याने पुस्तक मिटले. निपाणी आली, तरी आमचे बोलणे सरले नव्हते.