भीती जुन्या कायद्याची

बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या तीन फ्लॅटचे भाडेकरू मीच बघते. कोथरूडचा फ्लॅट आमचा, वारज्याचा मुलाचा आणि बाणेरचा दिरांचा. दीर न्यू जर्सीत असतात, त्यांनी कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे करून दिलंय. यजमान या भानगडीत पडत नाहीत. त्यांचं म्हणणं एकच असतं, "आपल्यातल्या एखाद्या फॅमिलीला दे, नाहीतर कुलूप लावून ठेव."

या म्हणण्यामागे सदाशिव पेठेतला वाडा आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली होती. सासऱ्यांना खोल्यांचं जे भाडं यायचं, त्यातून पुढेपुढे कौलंही बदलून होत नसत. भाडेकरू माणसं म्हणून वाईट नव्हते. गणपतीत आरतीला सगळा वाडा एकत्र असायचा. पण खोली परत मागायची म्हणजे कोर्टात वर्षानुवर्षं खेपा, आणि त्या मारून सासरे थकले. शेवटी वाडा बिल्डरकडे गेला. एकदा आत घेतलेला माणूस बाहेर निघत नाही, हे यजमानांच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलंय.

घराच्या चौकशीला माणसं येतात तेव्हा घरमालक जे प्रश्न विचारतात, त्यातले बरेचसे या भीतीतून आलेले असतात असं मला वाटतं. आडनाव काय, गाव कोणतं, लग्न झालंय का, घरात काय शिजतं? घर परत मिळेल याची खात्री नसली की माणूस ओळखीचा, आपल्यासारखा हवासा वाटतो. पण तो कायदा आता राहिलेला नाही. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. आपण करतो तो लीव्ह अँड लायसन्स करार असतो. त्याची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. कलम 55 प्रमाणे करार नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. तरी "अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी करून टाकू" म्हणणारे मालक मला अजून भेटतात. अकरा महिन्यांचा करारही महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, हे त्यांच्या गावीच नसतं.

माझे प्रश्न बँकेतल्या सवयीचे आहेत. पगाराच्या स्लिपा आणि खात्याचं स्टेटमेंट मागते. स्टेटमेंटमध्ये शिल्लक फारशी बघत नाही, हप्ते बघते. किती कर्जं चालू आहेत आणि एखादा हप्ता परत गेलाय का, तेवढं कळलं की पुरतं. हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा भाडं जास्त होत असेल, तर तसं स्पष्ट सांगते आणि लहान फ्लॅट बघायला सुचवते. फोन करायचा तो आत्ताच्या घरमालकाला नाही, त्याच्या आधीच्याला. आत्ताच्याला भाडेकरू नकोसा झाला असेल, तर तो तोंडभरून कौतुक करेल. आणि भाडेकरू काय विचारतो, याकडे माझं लक्ष असतं. पाणी किती वाजता येतं, पार्किंग झाकलेलं आहे का, कपडे वाळत घालायला जागा कुठे, असं विचारणारा माणूस मनाने तिथे राहायला लागलेला असतो.

माझ्याकडच्या अडचणीही मी टोकन घेण्याआधी सांगते. बाणेरचे मालक परदेशात असल्यामुळे भाडेकरूला भाड्यातून कर कापून सरकारात भरावा लागतो, हे ऐकून काही जण तिथूनच परत जातात. स्वतः राहणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते, ती घर भाड्याने दिलं की जाते. भाडं ठरवताना तेही धरावं लागतं.

बाणेरचा फ्लॅट रिकामा होता तेव्हा एजंटचा फोन आला. "काकू, पार्टी चांगली आहे, पण नाव जरा वेगळं आहे. आधीच सांगून ठेवतो." मी म्हटलं, घेऊन या. मराठवाड्यातलं मुसलमान जोडपं होतं. नवरा चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात, बायको शाळेत शिक्षिका. मी पगाराच्या स्लिपा मागितल्या तर त्याने पिशवीतून फाइल काढली. सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले होते. मी म्हटलं, फार नीट ठेवलंत. तो म्हणाला, "काकू, सगळं तयार होतं, पण इथपर्यंत कुणी आलंच नाही. नाव सांगितलं की फ्लॅट गेलेला असायचा."

घरी यजमानांनी नेहमीचंच म्हटलं. मी त्यांच्यापुढे कलम 24 ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे वाड्याच्या वेळी का नव्हतं?" होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही. दिरांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, वहिनी, तिकडचं तुम्हीच ठरवा.

नोंदणीसाठी आता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. माणूस यंत्र घेऊन घरी येतो, आधार, अंगठा आणि फोटो घेतो, आणि काही दिवसांत नोंदलेला करार मेलवर येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का, म्हणजे पंचवीस हजार भाडं, लाखभर डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर सातशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात हजार रुपये. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवता येते, ती मी चावी देण्याआधी भरते.

राहता राहिली सोसायटी. सेक्रेटरी म्हणाले, कमिटीत विषय घ्यावा लागेल. मी कराराची आणि पोलिसांकडच्या नोंदीची प्रत त्यांच्या हातात दिली आणि पोच मागितली. दुसऱ्या एका सोसायटीत नोकरी करणाऱ्या तीन मुलींना फ्लॅट दिला, तेव्हा "बॅचलर आहेत" म्हणून बिनवापर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते, वाढवून मागितलं होतं. हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा 2001 चा शासनाचा आदेश आहे. त्याची प्रत माझ्या पर्समध्येच असते.

ते जोडपं अजून बाणेरलाच आहे. आमचं सगळं गोडीगुलाबीनेच चालतं असं नाही. बाथरूमच्या गळतीचा खर्च कुणी करायचा, यावरून आमची चांगली जुंपली होती. शेवटी करार उघडला. पाइप भिंतीच्या आतला निघाला, म्हणून पैसे दिरांनी दिले.

वारज्याला यजमानांच्या ओळखीतलं, अगदी "आपल्यातलं" कुटुंब राहत होतं. त्या गृहस्थांची नोकरी गेली आणि भाडं थकायला लागलं. ओळखीचे म्हणून यजमानांना मागायची लाज वाटे, आणि न मागता राग येई. मी त्या दोघांना घरी चहाला बोलावलं आणि करार समोर ठेवून हिशेब केला. डिपॉझिट किती, थकलं किती, नोटिशीचा महिना कोणता. थकलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं आणि मुलीची परीक्षा होईपर्यंत राहायचं, असं ठरलं. परीक्षा झाल्यावर ते गेले. विजेचं शेवटचं बिल भरलेलं होतं, पंखेही पुसलेले होते. मुदत लिहिलेली होती म्हणून मला सवड देता आली. त्यांचा करार नोटरीचा असता, तर पहिल्या थकलेल्या महिन्यालाच आमच्या घरात वाड्याच्या आठवणी निघाल्या असत्या आणि ओळखही तुटली असती.

बाणेरच्या त्या इमारतीत काही फ्लॅट अजून कुलूप लावून ठेवलेले आहेत. मालक दरमहा मेंटेनन्स भरतात, दिवाळीला येऊन जाळी झाडून जातात. एक गृहस्थ मला लिफ्टमध्ये म्हणाले, "तुम्ही बरं धाडस केलंत." मी त्यांना सांगितलं, धाडस काही नाही, करार नोंदवून घेतला. त्याला लागलेला खर्च ते बंद घरासाठी एका महिन्याला भरतात त्या मेंटेनन्सपेक्षा कमी होता.